जुनी डिझेल गाडी आणि घरचा पाना

पंधरा वर्षं उलटलेली डिझेल गाडी घरच्या घरी किती सांभाळता येते? या प्रश्नाला मिळणारी उत्तरं नेहमी दोन टोकांची असतात. काही मंडळी सांगतात, डिझेलच्या वाटेला जाऊच नका, ते पंप-नोझलवाल्याचं काम. काही सांगतात, जुन्या डिझेल इंजिनाला काही होत नाही, पाना घ्या आणि बिनधास्त सुरुवात करा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण सकाळी सहाला गाडी सेल्फ मारूनही लागत नाही तेव्हा यातलं एकही उत्तर कामाला येत नाही.

माझ्या मते रेघ वेगळ्या ठिकाणी ओढायला हवी. काही कामांत चूक झाली तर ती तिथल्या तिथे दिसते. ऑईल टपकतं, डिझेल झिरपतं, गाडी लागतच नाही. ही कामं मालकाने शिकावीत आणि करावीत. काही कामांत चूक झाली तरी गाडी झकास चालते, आणि हजार किलोमीटरनंतर घाटात इंजिन जाम होतं किंवा ब्रेकचं पॅडल खाली बसतं. ती कामं हौसेखातर हातात घेऊ नयेत. जुन्या डिझेलचं सुदैव असं की तिचं आयुष्य ठरवणारी बहुतेक कामं पहिल्या प्रकारातली आहेत.

‘जुनी डिझेल’ म्हणताना आपण दोन वेगळ्या पिढ्या एकत्र करतो, आणि घरच्या दुरुस्तीचा निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिली पिढी यांत्रिक पंपाची. १९८०च्या सुमारास आलेली डिझेल अँबॅसडर, महिंद्राच्या जीपमधलं प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २,११२ सीसीचं इंजिन, १९९४ची टाटा सुमो, १९९८ची मारुती झेन आणि एस्टीम डिझेल (ते १,५२७ सीसीचं इंजिनही प्यूजोचंच), त्याच वर्षअखेर पुण्यातून बाहेर पडलेली इंडिका, २०००ची बोलेरो आणि क्वालिस. यातल्या बहुतेक इंजिनांत डिझेल आधी सिलिंडरच्या डोक्यावरच्या लहानशा कप्प्यात उडतं, तिथे पेटतं आणि मग खाली पसरतं. त्यामुळे आवाज सौम्य आणि स्वभाव सोशिक, पण थंडीत लागायला कुरकूर. दुसरी पिढी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी. २००२च्या ह्युंदाई ॲक्सेंटपासून ती आपल्याकडे रुळली. २००७ला स्विफ्टमध्ये फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आलं आणि मग तेच इंजिन डिझायर, रिट्झ, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. ही पिढीही आता म्हातारी झाली आहे. मारुतीने २०२०मध्ये डिझेल बंदच केलं.

पहिल्या पिढीच्या पंपाला वीज लागते ती फक्त एका सोलेनॉइडपुरती. दुसऱ्या पिढीत कधी, किती आणि किती वेळा डिझेल उडवायचं ते संगणक ठरवतो. दाबातला फरक त्याहून मोठा आहे. जुन्या इंजेक्टरचं तोंड सव्वाशे-दीडशे बारच्या आसपास उघडतं, तर मल्टिजेटच्या रेलमध्ये हा आकडा १,६०० बारपर्यंत जातो. एकीवर शिकलेला इलाज दुसरीवर वापरला की नुकसान ठरलेलं.

महाराष्ट्रात या विषयाची पूर्वपीठिका मोटारीच्या आधीची आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३०च्या दशकातच डिझेल इंजिनं बनू लागली. किर्लोस्करांनी १९४६मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथचे कारखाने उभे राहिले. विहिरीवर इंजिन बसलं आणि वीज येण्यापूर्वी दोन पिढ्या शेतकऱ्यांनी ते हँडल मारून चालवलं. टाकी रिकामी झाली की इंजिन ‘हवा धरतं’ आणि पाइपाचा नट ढिला करून ती हवा काढावी लागते, हे बागायती पट्ट्यातल्या पोरांना कुणी वेगळं शिकवलं नाही. आजही जीपच्या बॉनेटखाली आत्मविश्वासाने वाकणारा माणूस गावाकडचा निघतो, त्यामागे ही शिकवण आहे. शहरातल्या मालकाकडे ती नसते. पण ती कमावता येते, आणि सुरुवात डिझेलच्या वाटेनेच करावी.

टाकीत तळाला पाणी साचतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा गार पडून साचतं, आणि पावसाळ्यात एखाद्या पेट्रोल पंपावरूनही येतं. बहुतेक जुन्या यांत्रिक पंपांना वंगण म्हणून दुसरं काही नसतं, आतून वाहणारं डिझेलच त्यांचं वंगण. पाणी आत गेलं की पोलाद पोलादावर घासतं आणि गंजतं. म्हणून फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या स्वच्छ बाटलीत कपभर डिझेल काढणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवली की पाणी असेल तर खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात हे महिन्याला करावं. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराला बदलावा, त्यापुढे ओढू नये.

फिल्टर बदलला की हवा शिरणारच, आणि ती काढता येणं ही जुन्या डिझेलच्या मालकाची पहिली परीक्षा. फिल्टरच्या डोक्यावर किंवा शेजारी हाताने दाबायचा प्रायमिंग पंप असतो, त्याच्याजवळ ब्लीडिंगचा स्क्रू. स्क्रू दोन आटे सैल करायचा, खाली चिंधी धरायची आणि पंप दाबत राहायचं. आधी नुसती फुसफुस येते, मग पांढरट फेस, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल, आणि शेवटी एकसंध धार. धार एकसंध झाली की पंप दाबून धरलेल्या अवस्थेतच स्क्रू आवळायचा. हात आधी सोडला तर हवा उलट आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. एवढ्याने गाडी लागली नाही तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा-पाऊण आटा सैल करायचे, एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने दूर उभं राहून पाहायचं. ज्या नटापाशी डिझेल ठिबकू लागेल तो आवळायचा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मोटर आणि बॅटरी दोन्ही तापतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि ही नट सैल करण्याची रीत कॉमन रेलला चुकूनही लावायची नाही.

रोज सकाळी हवा धरणारी गाडी हे मात्र वेगळं दुखणं. रात्रभरात कुठल्यातरी जोडातून हवा आत जाते आणि डिझेल मागे टाकीकडे ओसरतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही, कारण ही बाजू शोषणाची आहे. इथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे धावताना दिसतात. मग एकेक जोड तपासत टाकीकडे सरकायचं. बहुतेक वेळा दोषी निघतं ते कडक पडलेलं रबरी होज, फिल्टरचं नीट न बसलेलं रबरी सील किंवा एक गुळगुळीत झालेलं क्लिप. दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी लोकांनी पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते पाहून जीव तुटतो. पंपाला दोष देण्याआधी पंपापर्यंत डिझेल निर्वेध पोचतं का, हे बघणं मालकाचंच काम.

इथे एका समजुतीचा निकाल लावायला हवा. नव्या डिझेलमध्ये गंधक नाही, म्हणून जुने पंप झिजतात. म्हणून टाकीत टू-टी ऑईल घालावं, असं अनेक जाणती माणसं सांगतात. गंधक कमी झालं हे खरं. बीएस-३ (भारत स्टेज) मानकाच्या डिझेलमध्ये दशलक्षात ३५० भागांपर्यंत, बीएस-४मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२०पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची वंगणशक्ती घटते हेही खरं. पण म्हणूनच रिफायनरीत वंगणाचं रसायन मिसळलं जातं, आणि डिझेलच्या भारतीय मानकात वंगणशक्तीची कसोटी घातलेली आहे. चांगल्या पंपावरच्या डिझेलमध्ये वरून काही घालण्याची गरज नाही. टू-टीने जुन्या पंपाचं लगेच वाईट होणार नाही, पण पैसे खर्चायचेच तर ते अस्सल फिल्टरवर खर्चावेत.

आता ऑईल. डिझेलचं ऑईल बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं, त्याची चिंता नको. काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. काळेपणा पाहून ऑईल बदलायचं ठरवता येत नाही, किलोमीटर आणि महिने मोजूनच ठरवावं. जुन्या यांत्रिक इंजिनांना १५डब्ल्यू-४० दर्जाचं डिझेल इंजिनसाठीचं साधं खनिज ऑईल मानवतं, आणि पाच हजार किलोमीटरला बदललं तर इंजिन खूश असतं. मल्टिजेटची गोष्ट वेगळी. तिच्या पोटात ऑईल जेमतेम तीन लिटरच्या आसपास, आणि त्याच ऑईलवर टर्बोचं बेअरिंग आणि टायमिंगची चेन दोन्ही जगतात. लिटरभर कमी झालं तर तिसरा हिस्साच गेला. ‘चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे आयुष्यभर बघायला नको’ असं म्हणत ज्यांनी ऑईल लांबवलं, त्यांच्या चेनी ताणल्या आणि सकाळी चालू करताना खडखडाट सुरू झाला. या इंजिनाला कंपनीने सांगितलेलं पातळ ऑईलच घालावं, आणि अंतर सांगितल्यापेक्षा थोडं आधी धरावं.

ऑईल बदलणं कुणालाही जमतं, पण घाईने नाही. इंजिन कोमट असावं, ऑईल पातळ होऊन गाळासह खाली येतं. गाडी पक्क्या स्टँडवर, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. ड्रेन बोल्टचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर नवं. जुना फिल्टर निघाला की त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून पाहायचं. दोन रबरं एकावर एक बसली तर चालू केल्याबरोबर सगळं ऑईल जमिनीवर येतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावायचं, हाताने आवळायचा, वर पाऊण आटा. ऑईल भरून इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहायची.

डिपस्टिक नुसती पातळी दाखवून थांबत नाही. पातळी आपोआप वाढू लागली तर ऑईलमध्ये डिझेल उतरतंय; इंजेक्टर गळतोय किंवा पंपाचं सील गेलंय. अशी गाडी चालवू नये, पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. ऑईलला चहासारखा दुधाळ रंग आला तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केट. आठवड्यातून एकदा ही पट्टी पाहणाऱ्या माणसाची गाडी सहसा एकाएकी बंद पडत नाही.

काढलेल्या ऑईलचं काय करायचं, यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. जळकं ऑईल गटारात जातं, वाळवीसाठी लाकडाला फासलं जातं, सेंटरिंगच्या पाट्यांना लावलं जातं. वापरलेलं इंजिन ऑईल कायद्याने घातक कचरा आहे आणि कातडीवाटे शरीराला बाधतं. हातात रबरी मोजे घालावेत, ऑईल कॅनमध्ये भरून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा मोठ्या गॅरेजकडे द्यावं. घरी दुरुस्ती करण्याचा हक्क हवा असेल तर एवढी जबाबदारी सोबत येतेच.

पाण्याचं थोडक्यात. बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय जुन्या गाड्यांनी सोसली, पण त्याची किंमत वसूल केली. जीपच्या प्यूजो इंजिनासारख्या ज्या इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, तिथे साध्या पाण्याने लायनरला बाहेरून खड्डे पडतात आणि शेवटी आरपार भोक. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, ठरल्या प्रमाणात, दर दोन-तीन वर्षांनी बदललेलं. गरम इंजिनावर रेडिएटरची कॅप उघडायची नाही. बस्स.

धुराची भाषा शिकण्यासारखी आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: गच्च एअर फिल्टर, टर्बोच्या पाइपाला चीर, किंवा इंजेक्टर नीट उडवत नाही. आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा, मग टर्बोच्या होजवर ऑईलची ओल शोधा, इंजेक्टरचं नाव शेवटी. सकाळी येऊन पाच मिनिटांत जाणारा, डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: ग्लो प्लग, हवा, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. गाडी तापल्यावरही जो पांढरा धूर जात नाही आणि ज्याच्यासोबत रेडिएटरचं पाणी उतरतं, तो हेडकडे बोट दाखवतो. निळा धूर ऑईलचा.

न लागणाऱ्या गाडीपाशी दोन गोष्टी पाहाव्यात, त्या लोक हमखास विसरतात. एक, पंपावरचं स्टॉप सोलेनॉइड. चावी फिरवली की तिथून ‘टक’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायर सुटली आहे किंवा फ्यूज गेला आहे, आणि डिझेल पुढे जातच नाही. दोन, ग्लो प्लग, ज्याला बरेच मेकॅनिक हिटर प्लग म्हणतात. कप्प्याच्या इंजिनांना तो निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीत तर लागतोच, पण पुण्याच्या डिसेंबरातही लागतो. वायर सोडवून मल्टिमीटरने प्लग आणि इंजिनाची बॉडी यांमधला रोध मोजायचा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारांपैकी दोन मेले तरी गाडी रडत-रडत लागते, म्हणून पुष्कळ दिवस कुणाला कळत नाही आणि बिल मात्र बॅटरीच्या नावावर फाटतं. प्लग काढताना इंजिन कोमट असावं आणि जोर जपून. हेडमध्ये तुटला तर स्वस्त काम महाग होतं. पेट्रोलची चिंधी किंवा स्टार्टिंगचा स्प्रे एअर फिल्टरपाशी धरून गाडी लावण्याची युक्ती रस्त्याकडेला सर्रास चालते. तापलेल्या प्लगसमोर तो वायू भलत्या क्षणी भडकतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात, कधी हातही भाजतो. ती युक्ती सोडून द्यावी.

अल्टरनेटरच्या पाठीवरचा व्हॅक्यूम पंप असाच दुर्लक्षित. पेट्रोल इंजिनासारखं डिझेलला आपल्या श्वासातून ब्रेकसाठी व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो या छोट्या पंपातून येतो. ब्रेक दगडासारखा कडक झाला तर बूस्टर बदलण्याआधी हा पंप आणि त्याचं होज पाहावं. तिथलं सील गेलं की ऑईल अल्टरनेटरमध्ये झिरपतं आणि चार्जिंगही जातं. एकाच वेळी ब्रेक कडक आणि बॅटरीचा दिवा लागलेला दिसला, तर दोन्हींचं मूळ बहुधा एकच.

आता न करायची कामं. पंप आणि नोझल यांच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची असते. घरच्या टेबलावर, कितीही पुसलेल्या, ते उघडणं म्हणजे धूळ आत घालणं. इंजेक्टर बाहेर काढून नेण्यापर्यंत मालकाने जावं, पाइपांची तोंडं लगेच टोपणांनी बंद करावीत, इंजेक्टरखालचं जुनं वायसर परत वापरू नये. पुढचं काम पंप-नोझलच्या दुकानाचं. चांगलं दुकान ओळखायचं तर त्यांचा टेस्टर पाहावा. कारागीर इंजेक्टर हातपंपाला लावतो, दांडा हळूहळू दाबतो आणि काटा ठरलेल्या दाबापाशी आला की तोंडातून धुक्यासारखा फवारा निघतो, सोबत करकर असा आवाज. दाब त्याच्या थोडा खाली धरून ठेवला तरी टोकाला थेंब जमता कामा नये. पंप बेंचवर फिरवला की काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते भरताना दिसतं. चारही नळ्यांची पातळी सारखी असली पाहिजे. हे तुमच्यासमोर करून दाखवणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा बॉशचा मोठा कारखाना नाशिकला आहे, आणि हे हुनर आपल्या जिल्ह्यांच्या गावी रुजलेलं आहे. पण यांत्रिक पंपाचं काम कमी होत चाललंय, नवी पोरं त्यात उतरत नाहीत. आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रम अजून आहे. या कारागिरांच्या बेंचवर ती पोरं सहा महिने बसली पाहिजेत, असं मला कळकळीने वाटतं.

टायमिंग बेल्टही याच यादीत. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा इतकी कमी की बेल्ट एका दात्यानेही चुकीचा बसला तर गाडी चालते पण नीट चालत नाही, आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. इंडिका किंवा एस्टीम डिझेल जुनी विकत घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेला नाही असं समजून आधी बदलून घ्यावा, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट. अनुभव आणि लॉकिंगच्या पिना नसतील तर स्वतः नको.

कॉमन रेलवर मालकाचं शस्त्र पान्यापेक्षा स्कॅनर. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल, एवढ्यावर बिघाडाचे कोड आणि बऱ्याच गाड्यांत रेलचा दाब दिसतो. सेल्फ मारताना दाब चढतच नसेल तर चौकशी फिल्टर, पंप आणि इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलकडे वळते. परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवलं की ज्या इंजेक्टरची बाटली इतरांपेक्षा फार भरते तो झिजलेला. ही परीक्षा कमी दाबाच्या बाजूची आहे, जपून घरी करता येते. इंजेक्टर बदलला तर मात्र अनेक गाड्यांत त्याच्यावर कोरलेला कोड संगणकात भरावा लागतो. आणि चालू इंजिनात रेलच्या गळतीवरून हात कधीच फिरवायचा नाही. एवढ्या दाबाची केसासारखी धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. संशय असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा, आणि टोचल्यासारखं वाटलं तर वाट न पाहता हॉस्पिटल.

झिजलेल्या टर्बोची आणखी एक भीती सांगून ठेवतो. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळत सुटू शकतं, आणि मग चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं. जमलं नाही तर दूर व्हायचं. हवेच्या तोंडावर हात ठेवायचा नाही.

गाडीखालचं काम इंजिनापेक्षा घातक आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंही घालू नये, मिनिटभरासाठीसुद्धा. ब्रेकचे शू, पॅड, ब्रेक ऑईल ही कामं कुणा जाणत्याच्या नजरेखाली दोन-तीनदा केल्याशिवाय एकट्याने करू नयेत.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर अजून तारतात. जुन्या काढलेल्या भागांसाठी कुर्ला. बनावट फिल्टर आणि बनावट बेअरिंगचा सुळसुळाट आहे, आणि जुन्या गाडीचा मालक स्वस्ताकडे झुकतो म्हणून तोच जास्त फसतो. बॉडीचे भाग, काचा, दारांचे हँडल जुने चालतात. फिल्टर, बेल्ट, ब्रेकचे रबर नवे आणि ओळखीच्या दुकानातूनच.

आणि आता धुराचा हिशेब, जो या सगळ्याच्या मुळाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचं जाहीर केलं. जुन्या गाडीवर आमचं प्रेम असलं तरी मागे दुचाकीवर बसलेल्या पोराच्या छातीत काय जातं, याचं उत्तर आम्हीच द्यायला हवं. पीयूसीत डिझेलसाठी धुराची घनता मोजतात. बीएस-४च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू (धूर मोजण्याचं एकक), बीएस-४ला ५०. हा आकडा नुसता पास होण्यासाठी न बघता वहीत लिहून ठेवावा. दर वेळी तो चढत गेला तर इंजिन काहीतरी सांगत आहे. जळलेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह पत्रा लावून बंद करण्याची शिफारस गॅरेजांत राजरोस होते. त्याने पिकअप सुधारल्यासारखी वाटते, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडचं प्रमाण वाढतं. काजळीने चोंदलेला ईजीआर काढून साफ करणं हे घरी होण्याजोगं काम आहे, आणि तेच करावं.

कायद्याचं चित्र राज्यागणिक वेगळं. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने मालकांवर कारवाई न करण्याचा तात्पुरता दिलासा दिला, आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-४ व पुढच्या गाड्यांपुरता ठेवला. या धाकाने कितीतरी धडधाकट दिल्ली पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात आल्या. घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ऑईलचा इतिहास पाहावा. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. खासगी गाडीची पंधरा वर्षांनी फेरनोंदणी होते, तिची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० करण्यात आलं. मुंबई महानगरात डिझेल-पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, याचा अभ्यास करायला समिती नेमण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं. मला वाटतं वयापेक्षा धूर मोजून निवाडा व्हावा. अठरा वर्षांची, वेळेवर ऑईल मिळालेली गाडी सहा वर्षांच्या हेळसांड झालेल्या गाडीपेक्षा स्वच्छ श्वास घेऊ शकते. पण हा युक्तिवाद करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याच्या वहीत आकडे आहेत.

कुठे थांबायचं, हेही ठरवून ठेवावं. इंजिन तापलेलं असताना ऑईल भरायची कॅप उघडून पाहावी. थोडी वाफ प्रत्येक जुन्या इंजिनातून येते. पण कॅप उडू लागली, भकाभक धूर येऊ लागला, तर इंजिन मागे कॉम्प्रेशन मारतंय. मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. त्यासाठी डिझेलचं वेगळं गेज लागतं, पेट्रोलचं चालत नाही. इंजिन बांधून घेता येतं आणि यांत्रिक पिढीत ते अनेकदा परवडतंही. कोकणातली गाडी असेल तर आधी खाली झोपून चासी पाहावी, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून. स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी किंवा बॉडी माउंटजवळ पोलाद पापडासारखं सुटत असेल तर त्या गाडीच्या इंजिनावर खर्च करू नये. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पंप मागणारे सापडतात, पण कायद्याने गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जायला हवी. तिथून जमा केल्याचा दाखला घ्यावा, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते, आणि आरटीओत जुनी नोंदणी रद्द झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. नाहीतर कर आणि चलनं तुमच्याच नावावर येत राहतात.